बिऱ्हाड हलविण्यापूर्वी
पेढीचे हिशेब, मालाच्या नोंदी दुसऱ्याच्या संगणकावर भाड्याने ठेवणे, यालाच ‘क्लाउड’ हे भारदस्त नाव आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात, ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत केंद्र उघडले; तेव्हा जागेचा तुटवडा नाही. परंतु भाड्याआधी बाहेर पडण्याचा खर्च विचारावा, असे आम्हांस वाटते. माहिती आत नेण्यास बहुधा पैसे पडत नाहीत. मोठ्या प्रमाणावर बाहेर काढताना मात्र गिगाबाइटगणिक आकार पडतो. (बिऱ्हाडकरू सामान हलवू लागला की पाट्यागणिक पैसे मागणारा घरमालक निदान आमच्या पाहण्यात नाही!) शिवाय कंपनीच्या खास डेटाबेसवर प्रणाली बेतली, तर सोडताना ती बरीचशी नव्याने लिहावी लागते. ड्रॉपबॉक्सने ऑक्टोबर २०१५ पर्यंत नव्वद टक्क्यांहून अधिक माहिती स्वतःच्या यंत्रांवर आणली खरी. पण तिच्या पदरी तेवढे अभियंते होते. लहान पेढीने आधी हजेरीपटासारखी एखादीच प्रणाली न्यावी, महिन्याने ती परत आणून पाहावी, आणि मग करारावर सही करावी.