किल्ली माझ्याच कपाटात होती

"आई, घोटभर तरी पाणी घे गं!"

"नको बाई, मुक्कामाला पोचल्यावर घेईन."

ऑस्ट्रेलियातल्या गुळगुळीत हमरस्त्यावरून आमची गाडी धावत होती, तरी आईचं उत्तर तेच, जे आमच्या तालुक्याच्या एसटीत असतं. प्रवासात पाणी प्यायचं नाही, हा तिचा आयुष्यभराचा नेम. याच नेमापायी दोन वर्षांपूर्वी लघवीच्या जंतुसंसर्गाने तिला चार दिवस दवाखान्यात राहावं लागलं होतं. मैत्रिणींनो, असा नेम तुमच्याही घरात कुणीतरी पाळत असेलच. खरं सांगू? मीही पाळते.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही मायलेकी सिडनीला धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. तिच्या यजमानांनी कॅरव्हॅन भाड्याने घेऊन मेलबर्नला जायचा बेत आखला. कॅरव्हॅन म्हणजे गाडीमागे जोडलेलं चाकांवरचं घरच. झोपायची सोय, इवलासा ओटा, फ्रीज आणि कोपऱ्यात चक्क संडास! आई हरखली. "जावईबापू, मग मी मागेच बसते की!" पण गाडी चालू असताना ओढल्या जाणाऱ्या कॅरव्हॅनमध्ये कुणी बसायचं नाही, असा तिथला कायदा. आईने पाण्याच्या बाटलीचं झाकण पुन्हा घट्ट लावलं.

वाटेत मात्र ठिकठिकाणी थांबायच्या जागा होत्या. झाडं, बाकं आणि फुकट वापरायचं स्वच्छतागृह. आत जाऊन मी आधी कडी बघितली. लागत होती! सुट्ट्यांच्या दिवसांत अशा काही जागी गावातले स्वयंसेवक वाटसरूंना फुकट चहा-कॉफी देतात. 'ड्रायव्हर रिव्हायव्हर' म्हणतात त्याला. गाडी चालवणाऱ्याला डुलकी लागू नये, हा हेतू. तिसऱ्या थांब्याला आई न सांगता उतरली. परत आली आणि म्हणाली, "दे गं ती बाटली."

संध्याकाळी गंडगाई नावाच्या गावी मुक्काम केला. सिडनीपासून सुमारे ३९० किलोमीटरवर, मरमबिजी नदीकाठचं हे लहानसं गाव. १८५२ च्या जूनमध्ये इथे महापूर आला आणि ऐंशीहून अधिक माणसं दगावली. त्या वेळी यारी आणि जॅकी जॅकी या विराजुरी आदिवासींनी झाडाच्या सालीच्या होडीतून कितीतरी गोऱ्या वस्तीकरांचे प्राण वाचवले. २०१७ मध्ये गावात त्यांचा पुतळा उभा राहिला. बहिणीने हे सांगितल्यावर आईने नदीकडे बघून हात जोडले.

कॅरव्हॅन पार्कमध्ये आपली जागा घ्यायची, विजेची वायर आणि पाण्याची नळी जोडायची की झालं घर तयार. न्हाणीघरं आणि स्वयंपाकाची जागा सगळ्यांना मिळून. मी तिथे मुगाची खिचडी टाकली. फोडणीच्या वासाने शेजारच्या कॅरव्हॅनमधल्या आजी डोकावल्या. नवराबायको दोघं निवृत्त, महिनोन्‌महिने असेच भटकतात. थोड्या वेळाने त्या जॅम लावलेले स्कोन घेऊन आल्या. स्कोन म्हणजे आपल्या नानकटाईहून मऊ, पावाहून भरीव असा प्रकार. माझं मोडकंतोडकं इंग्रजी आणि अडलं तिथे बहिणीची मदत, अशा आमच्या गप्पा रंगल्या.

मी महिला मंडळाचं काम करते म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. त्याही 'कंट्री विमेन्स असोसिएशन'च्या जुन्या सभासद. १९२२ मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या ग्रामीण बायकांनी ही संघटना उभी केली. ग्रेस मन्रो या तिच्या पहिल्या अध्यक्षा. त्या काळी लांबच्या शेतांवरून बाया लेकरांना घेऊन बाजाराच्या गावी यायच्या. नवरे आपल्या कामांना जायचे; बाईला मात्र बाळाला पाजायला, लंगोट बदलायला, घडीभर टेकायला जागा नसायची. म्हणून या संघटनेने गावोगावी बायकांसाठी विसाव्याच्या खोल्या सुरू केल्या, बालआरोग्य केंद्रांसाठी खटपट केली. केक-स्कोन विकूनसुद्धा पैसे उभे केले.

मग आजींनी सहज विचारलं, "तुमच्या मंडळाची अशी खोली आहे का?"

मी "हो" म्हटलं आणि गप्प झाले. खोली आहे. बाजारपेठेला लागूनच आहे. मागे संडास आहे, नळ आहे. आम्ही ती हळदीकुंकवाला आणि महिन्याच्या सभेला उघडतो. बाकी दिवस कुलूप. आठवडी बाजाराला भाजीच्या पाट्या घेऊन खेड्यापाड्यांतून येणाऱ्या बाया दिवसभर पाणी न पिता त्याच कुलपासमोर बसतात. सोयी नाहीत म्हणून मी किती निवेदनं लिहिली असतील! आणि त्या खोलीची किल्ली माझ्याच कपाटात होती. त्या रात्री कॅरव्हॅनमध्ये मला झोप लागली नाही.

परत आल्यावर सभेत विषय काढला. "खोली घाण होईल", "पाणी कोण भरणार?", "उद्या कुणी हक्कच सांगितला तर?" असे प्रश्न आले. प्रश्न खोटे नव्हते. शेवटी ठरलं: फक्त बाजाराच्या दिवशी, सकाळी नऊ ते पाच, दोघी-दोघींची पाळी. फिनेल-साबणाचा खर्च वर्गणीतून.

पहिल्या बाजाराला एकच बाई आली, तीही बिचकत. "किती पैसे?" तिने विचारलं. "काही नाही," म्हटल्यावर तिने बाळाला मांडीवर घेतलं आणि भिंतीला पाठ टेकली. आता बाजाराला वीस-पंचवीस जणी येतात. सगळं सुरळीत आहे असं नाही. नळाला पाणी नसलं की आमची तारांबळ उडते. पण परवा एका भाजीवालीने निघताना माठातलं पाणी मागून घेतलं आणि तांब्याभर प्यायली. मला आईची बाटली आठवली.

मैत्रिणींनो, तुमच्या गावातही अशी एखादी कुलूपबंद खोली असेल. समाजमंदिराची, भजनी मंडळाची, नाहीतर आपल्याच मंडळाची. किल्ली कुणाकडे आहे, एवढं एकदा विचारून बघाल?