दातांवरची मक्तेदारी

चाकूर तालुक्यातल्या माणसाचा दात ठणकला की तो आधी मेडिकलमधून गोळी आणतो. शासकीय दंत महाविद्यालय गाठायचे तर छत्रपती संभाजीनगर! तोवर मिशरी-तंबाखूच्या तोंडात कीटण साचते, हिरड्या सुटतात, धड दातही हलू लागतो. हे कीटण काढायला दरवेळी डॉक्टरच हवा का?

१९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने उत्तर तेव्हाच दिले. दात साफ करणारा आणि लोकांना दातांची निगा शिकवणारा ‘डेंटल हायजिनिस्ट’ कायद्याने वेगळा मानला. मात्र तो शिकलेला, नोंदणी झालेला हवा. अमेरिकेत ब्रिजपोर्टच्या डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९१३ मध्येच त्यासाठी वर्ग काढला. आपल्या खेड्यांत हा शब्द किती जणांनी ऐकला आहे?

खासगी दवाखान्यात हत्यारे धुणारी पोरे-पोरी बहुतेक आपल्याच वस्त्यांतली. न शिकवता त्यांच्या हाती मशीन देणे धोक्याचेच. नीट निर्जंतुक न केलेल्या हत्यारातून ‘ब’ प्रकारची कावीळ एकाची दुसऱ्याला होऊ शकते. पण त्यांना शिकूच न देता जन्मभर हत्यारे धुवायला लावणे, ही तीच जुनी मक्तेदारी, फक्त पांढऱ्या कोटातली.

निदान, दात काढणे, रूट कॅनाल डॉक्टरांकडेच राहो. सफाई मात्र त्यांच्या देखरेखीखाली शिकलेल्या हायजिनिस्टने करावी. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केला. त्याचा लाभ खेड्यात पोहोचायचा तर ग्रामीण रुग्णालयांत हायजिनिस्टची पदे, सरकारी पदविका आणि मागासवर्गीय मुलामुलींना शिष्यवृत्ती मागावी लागेल. चाकूरच्या कार्यकर्त्यांनी पहिले निवेदन तहसीलवर न्यावे.