माचाकोसचे डोंगर

आफ्रिका खंडाच्या पूर्व भागात केनिया हा देश आहे. त्याची राजधानी नैरोबी. या नगरापासून आग्नेयेस सुमारे ६० किलोमीटरांवर माचाकोसचा डोंगराळ प्रदेश लागतो. विषुववृत्त येथून जवळ असूनही डोंगरमाथ्यावरील हवा थंड असते. तेथून खाली उतरू लागले की ऊन तापू लागते आणि झाडी काटेरी होत जाते. ही कांबा लोकांची भूमी होय. मसाकू नावाच्या त्यांच्या एका नायकावरून या ठिकाणाला माचाकोस हे नाव पडले.

येथे वर्षातून दोनदा पाऊस पडतो. एकदा मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबर. दोन्ही पावसाळे बेभरवशाचे. पाऊस आला की नद्या दुथडी भरून वाहतात आणि थोड्याच दिवसांत कोरड्या पडतात.

इंग्रजांच्या राजवटीत आसपासच्या उत्तम जमिनी गोऱ्या वसाहतवाल्यांकडे गेल्या व कांबा लोकांना ठरवून दिलेल्या हद्दीत राहावे लागले. माणसे आणि गुरे दोन्ही तेथेच दाटली. गवत नाहीसे झाले, उघड्या उतारावरील माती पावसाबरोबर वाहून गेली, शेतांतून खोल घळी पडल्या. ही भूमी आता वाळवंट होणार, असे १९३० नंतरच्या दशकात सरकारी अधिकाऱ्यांना वाटू लागले. त्यांनी दोष गुरांना दिला. १९३८ साली सरकारने कांबा लोकांची गुरे सक्तीने विकण्यास आरंभ केला, तेव्हा मुइंदी म्बिंगू याच्या नेतृत्वाखाली बायकामुलांसह मोठा जमाव नैरोबीस चालत गेला आणि तेथे ठाण मांडून बसला. सरकारला सक्ती सोडावी लागली. म्बिंगूला मात्र दूरच्या लामू बेटावर हद्दपारी भोगावी लागली.

पुढे सरकारने वेठीने बांध घालून घेतले. वेठीचे काम कोणाला आवडणार? पण १९५० नंतरच्या दशकात आफ्रिकी शेतकऱ्यांना कॉफी लावण्याची मोकळीक मिळाली. कॉफीला पैसा येई आणि तिला सपाट, ओल धरणारी जमीन लागे. तेव्हा लोक आपण होऊन बांध घालू लागले. त्यांनी पसंत केलेल्या पद्धतीस 'फान्या जू' म्हणतात; स्वाहिली भाषेत 'जू' म्हणजे वर. उतारावर आडवा चर खणावयाचा आणि निघालेली माती खाली न टाकता वरच्या अंगास टाकावयाची. तिचा बांध होतो. त्यावर गवत लावतात. दर पावसात वरून वाहत येणारी माती बांधाशी अडते आणि काही वर्षांत उताराची आपोआप पायरी बनते.

पुरुष पुष्कळदा नैरोबी, मोंबासा येथे नोकरीस असत. त्यामुळे हे खणण्याचे काम बहुतांशी स्त्रियांनी केले. आपल्याकडील इर्जिकीसारखी तेथे 'म्वेथ्या' नावाची चाल आहे. शेजारणी एकत्र जमून आज एकीच्या शेतात राबतात, तर उद्या दुसरीच्या. जुन्या माचाकोस जिल्ह्यात, म्हणजे आजचा मकुएनी धरून, १९३२ साली सुमारे २,४०,००० लोक राहत होते. १९८९ साली ती संख्या सुमारे १४,००,००० झाली. तरीही धूप कमी झाली आणि माणशी उत्पन्नही वाढले. मका, घेवडा, आंबा ही तेथील पिके. तूरही पुष्कळ होते. तिचे सोललेले दाणे अख्खेच शिजवून खातात.

पाण्यासाठी लोकांनी वाळूचा उपयोग केला. कोरड्या नदीच्या पात्रात, खडकावर पक्की भिंत बांधतात. पुराबरोबर जाड वाळू येऊन भिंतीमागे साचते व तिच्या कणांमध्ये पाणी राहते. ते उन्हाने सहजी उडून जात नाही, त्यात डासही होत नाहीत. वाळूत झिरा खणावा, की पाणी हाती लागते. अशी नदी नसेल तेथे मात्र पाण्याचे डबे गाढवांवर लादून मैलोगणती चालावे लागते. २०२० अखेरपासून ओळीने कित्येक पावसाळे हुकले, तेव्हा पुष्कळ शेतांत पेरणीचे बीसुद्धा परत आले नाही.

आता वाळूवरच संकट आले आहे. नैरोबीत उंच इमारती उठत आहेत आणि त्यांसाठी या नद्यांची वाळू ट्रक भरभरून जाते. ट्रक भरणाऱ्या तरुणांना त्या दिवसाची मजुरी मिळते; खालच्या गावाचा झिरा मात्र आटतो. मकुएनीने २०१५ साली वाळूच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला.