जमिनीचा ओलावा आणि रेडिओचा आवाज



एकाच केंद्राचा कार्यक्रम काळ्या रानातल्या गावी खणखणीत ऐकू येतो, आणि तेवढ्याच अंतरावरच्या मुरमाड माळावर नुसती खरखर येते. पावसाचा इशारा ऐन वेळी हुकतो. रेडिओ बिघडला असे समजून आपण दुरुस्तीला पैसे घालतो. पण पुष्कळदा कारण जमिनीत असते.

मध्यम लहरी दिवसा जमिनीला धरून चालतात. चालताना त्या जमिनीत बारीक वीजप्रवाह निर्माण करतात. ओल धरणाऱ्या, क्षार असलेल्या जमिनीतून तो सहज वाहतो. कोरड्या, खडकाळ जमिनीत त्याला अडथळा होतो. लहरीची शक्ती उष्णता होऊन वाया जाते. ओली सुपीक जमीन कोरड्या खडकाळ जमिनीच्या दहापट किंवा त्याहूनही अधिक वीजवाहक असते, आणि समुद्राचे पाणी ओल्या जमिनीच्याही शेकडो पट. म्हणून समुद्रावरून लहरी फार लांब जातात. कमी किलोहर्ट्झच्या केंद्राची लहर जमिनीवर कमी झिजते, हेही ध्यानात ठेवा.

प्रक्षेपण केंद्रात उंच मनोरा हीच एरियल असते आणि जमीन तिचा दुसरा अर्धा भाग. म्हणून मनोऱ्याभोवती तांब्याच्या तारा, बहुधा १२०, चाकाच्या आऱ्यांप्रमाणे जमिनीत पुरतात.

आपण काय करावे?

१. ट्रान्झिस्टर हळूहळू फिरवून पाहा. आतली एरियल कांडी बहुधा लांबीच्या बाजूने आडवी असते. सेटची पुढची किंवा मागची बाजू केंद्राकडे आली की आवाज वाढतो.

२. तरी भागले नाही तर वेष्टन असलेल्या तारेचे आठ-दहा वेढे सेटभोवती द्या. एक टोक उंच बांधलेल्या लांब तारेला, दुसरे जमिनीत ठोकलेल्या तांब्याच्या सळईला जोडा.

३. सळई मोरीच्या सांडपाण्याजवळ, ओलीच्या जागी ठोका. उन्हाळ्यात तिथे बादलीभर पाणी ओता. मीठ-कोळसा घालायचा तर झाडांच्या मुळांपासून दूर.

सावधान! तार विजेच्या तारांखालून किंवा वरून नेऊ नका. घरातल्या विजेच्या प्लगला जोडू नका. आभाळ भरून येण्याआधीच ती सेटपासून सोडवा. गडगडाट सुरू झाल्यावर तिला हात लावू नका.

रात्री लांबची केंद्रे लागतात, कारण तेव्हा लहरी आकाशातून परतून येतात. जमिनीची पारख दिवसाच करा.