शुश्रूषा करणाऱ्याच्या पाठीशी मंडळी

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्याला ख्रिस्ती कुटुंबात तीन ठिकाणांहून बळ मिळते: पवित्र शास्त्राचे वाचन, गायन आणि मंडळीची भेट. अहिल्यानगर जिल्ह्यात ही परंपरा जुनी आहे. प्रॉटेस्टंट अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरमध्ये 1831 साली सुरू झाले. पुढे श्रीरामपूर, राहाता, संगमनेर या भागांत कॅथोलिक मंडळीही रुजली. उपासनेच्या पद्धती वेगळ्या असल्या, तरी आजाऱ्याच्या घरी जाणे हे दोन्हींकडे कर्तव्यच मानले जाते.

दिवसाची सुरुवात आणि शेवट कुटुंबप्रार्थनेने होतो. शुश्रूषा करणाऱ्याला लांबलचक वाचनाला सवड नसते. म्हणून ठरावीक उतारे पुन्हा पुन्हा वाचले जातात. रात्रीच्या जागरणात 121 वे स्तोत्र जवळचे वाटते, कारण त्यातला राखणारा देव झोपत नाही. मार्कच्या दुसऱ्या अध्यायातले चौघे पक्षाघाती माणसाला बाजेसकट उचलून आणतात आणि छप्पर उघडून येशूसमोर उतरवतात. येशू त्या चौघांचा विश्वास पाहतो. आजाऱ्याला उचलणाऱ्या, कूस बदलून देणाऱ्या हातांची दखल घेणारा हा प्रसंग आहे. थकव्याची लाज वाटणाऱ्याला एलीयाची कथा आधार देते. संदेष्टा मरण मागू लागतो, तेव्हा देव त्याला बोल लावत नाही. त्याला आधी झोप मिळते, भाकर-पाणी मिळते, पुन्हा झोप मिळते आणि मग पुढचा प्रवास.

गायनाची वाट मराठी माणसाला अधिक सरळ जाते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. नगरच्या वास्तव्यात त्यांनी अभंग-ओवीच्या चालीत ख्रिस्तभक्ती गायली. त्यांची भजने ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून घरोघरी पोचली. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही ती पाठ असतात. बोलणे गेलेला आजारी कधी कधी ओळखीच्या चालीवर ओठ हलवतो, आणि शेजारी बसलेल्या लेकीला तेवढ्याने उभारी येते.

भेटीचे काम बारकाईने पाहण्यासारखे आहे. पाळक आणि महिला मंडळातल्या दोघी-तिघी येतात, ‘जय ख्रिस्त’ म्हणतात, खाटेजवळ बसतात. घरची सून सवयीने चहाला आत वळते. अनुभवी पाळक तिला थांबवतात, “चहा राहू द्या ताई, आधी बसा,” म्हणतात. आजाऱ्याची विचारपूस झाली की तिला विचारतात, “झोप होते का? जेवण वेळेवर होतं का?” वाचन थोडके असते. प्रार्थनेत आजाऱ्याचे नाव घेतले जाते, तसेच तिचेही. त्या क्षणी तिचे डोळे भरून येतात. आजवर सगळ्यांनी विचारले ते आजारी सासूबाईंचेच. मग प्रभुभोजन दिले जाते. गिळायला त्रास होत असेल, तर भाकरीचा अगदी लहान तुकडा भिजवून देतात. रविवारी मंदिरात जाता न येणाऱ्या सुनेलाही तिथेच प्रभुभोजन मिळते. कॅथोलिक घरी फादर ख्रिस्तप्रसाद आणतात आणि आजाऱ्याला पवित्र तेल लावून प्रार्थना करतात. ही प्रथा याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायावर आधारलेली आहे.

आमेन म्हटल्यावर भेट संपली, असे होऊ नये. महिला मंडळातून आलेल्यांपैकी एक दुपारभर खाटेपाशी बसते, तेव्हा सुनेला डोळा लावता येतो. एकमेकांची ओझी वाहण्याचा पौलाचा उपदेश इथे खरा उतरतो.

या कामात दोन गोष्टी टाळाव्या लागतात. आजार म्हणजे पापाची शिक्षा, असे सुचवणे ही पहिली. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाविषयी शिष्य हाच प्रश्न विचारतात आणि येशू तो तर्क नाकारतो. प्रार्थनेच्या भरवशावर औषध बंद करणे ही दुसरी. श्रद्धा आणि वैद्यक यांत विरोध नाही, हे या जिल्ह्याने पाहिले आहे. नगरचे बूथ हॉस्पिटल मुक्तिफौज या ख्रिस्ती संघटनेचे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला, तो ख्रिस्ती सेवाभावातून. गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून त्यांनी शिकवले. शुश्रूषेचे ज्ञान घराच्या उंबऱ्यापर्यंत आले. कूस कशी बदलावी, जखम कशी धुवावी हे नीट समजले की मनावरचे अर्धे भय उतरते. तेही सांत्वनच.

आजारी माणूस देवाघरी गेल्यावर शुश्रूषा करणाऱ्याचे दिवस एकदम रिकामे होतात. आपण कुठे कमी पडलो, ही टोचणी लागते. म्हणून मंडळीच्या भेटी दफनविधीनंतरही काही महिने सुरू राहणे गरजेचे असते. पुढे घरी शुश्रूषा केलेल्या याच बायका दुसऱ्यांच्या घरी जाणाऱ्या गटात येतात. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आरंभी पौल हेच सांगतो: देवाकडून मिळालेले सांत्वन संकटातल्या दुसऱ्याला देण्यासाठी असते.