एक तंतू, अनेक तरंग

ग्राहक एटीएममध्ये कार्ड घालतो आणि काही क्षणांत रक्कम त्याच्या हाती पडते. तेवढ्या अवधीत त्याचा संदेश दूरच्या संगणक केंद्रापर्यंत जाऊन परतलेला असतो. या प्रवासाचा मोठा भाग काचेच्या तंतूतून, प्रकाशाच्या रूपाने घडतो. लांब पल्ल्याच्या अशा तंतूचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाहूनही कितीतरी बारीक असतो. एवढ्याशा वाटेने असंख्य संदेश एकाच वेळी जातात तरी कसे?

याचे उत्तर प्रकाशाच्या तरंगलांबीत आहे. प्रत्येक लेसरला स्वतःची तरंगलांबी नेमून दिलेली असते. या तरंगलांबी १५५० नॅनोमीटरच्या आसपासच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या असतात. शेजारच्या दोन तरंगलांबींतील अंतर अनेकदा केवळ ०.८ नॅनोमीटर असते. मल्टिप्लेक्सर हे सारे प्रवाह एका तंतूत एकत्र आणतो. दुसऱ्या टोकाचा डीमल्टिप्लेक्सर, लोलकाने सूर्यप्रकाशातील रंग वेगळे करावेत तसे, ते पुन्हा विलग करतो.

तंतूतील प्रकाश सुमारे १५ किलोमीटरनंतर निम्मा होतो. पूर्वी त्याचे विजेत रूपांतर करून तो नव्याने पाठवावा लागे आणि प्रत्येक प्रवाहासाठी स्वतंत्र यंत्रणा लागे. १९८७ साली एर्बियम या मूलद्रव्याचा अंश मिसळलेल्या तंतूचे प्रवर्धक पुढे आले. ते सर्व तरंगलांबींना एकदमच बळ देतात. त्यामुळे नवा चर न खणताही जुन्या तंतूची क्षमता अनेक पटींनी वाढवणे शक्य झाले.

मात्र या काटकसरीला एक दुसरी बाजू आहे. एका तंतूवर जितके अधिक प्रवाह, तितके तो तुटल्यावर होणारे नुकसान मोठे. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालील केबल तुटल्या आणि हजारो किलोमीटर दूर असलेल्या भारतातील इंटरनेट सेवा विस्कळीत झाली.

म्हणूनच बँकिंगसारख्या सेवेला पर्यायी मार्ग अत्यावश्यक ठरतो. परंतु दोन कंपन्यांकडून जोडण्या घेतल्या म्हणजे मार्ग दोन झाले, असे नव्हे. दोन्ही केबल एकाच चरातून जात असतील, तर खोदकामाचा एकच घाव दोन्ही तोडू शकतो. तरंग एकत्र नांदावेत; मार्ग मात्र वेगळेच असावेत.