खाज, वेदना आणि माणसाचे जगणे

आजार म्हटला की ताप, अपघात, ऑपरेशन अशा गोष्टी आपल्या डोळ्यांसमोर येतात. अंगाची खाज किंवा सततचे दुखणे यांना आपण आजार मानायलाच तयार नसतो. "खाजेने कोणी मरत नाही" असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु रोज मध्यरात्री खाजवत उठून बसणाऱ्या माणसाचे जगणे कसे होऊन जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मी डॉक्टर नाही, बँकेतील एक कारकून आहे. मात्र हा विषय मी स्वतःच्या हातांवर भोगलेला आहे.

सहा आठवड्यांहून अधिक टिकणारी ती जुनाट खाज आणि तीन महिन्यांहून अधिक टिकणारी ती जुनाट वेदना, असे वैद्यकशास्त्र मानते. इसब, सोरायसिस, खरूज, गजकर्ण ही खाजेची नेहमीची कारणे होत. पण मूत्रपिंड निकामी झालेल्या किंवा यकृतविकारात पित्त तुंबलेल्या रुग्णाच्या कातडीवर काही दिसत नसतानाही सर्वांगाला खाज सुटू शकते. नागीण बरी झाल्यावरही कित्येक वृद्धांना त्या जागी महिनोन्‌महिने आग होते. अंगावरचा सदराही सोसवत नाही. मधुमेहाने नसा खराब झाल्या की रात्री तळपाय पेटल्यासारखे होतात.

असे का होते? खाज आणि वेदना यांचे संदेश बारीक चेतातंतूंतून मज्जारज्जूकडे व तेथून मेंदूकडे जातात. खाजवल्याने होणारी किंचित वेदना खाजेचा संदेश काही वेळ दाबून टाकते, म्हणून बरे वाटते. पण कातडी सोलवटते, सूज येते आणि खाज पुन्हा वाढते. जुनाट दुखण्यात तर मूळ जखम भरली तरी चेतासंस्थाच हळवी होऊन बसते. तेव्हा तपासणीत काही निघाले नाही म्हणून रुग्ण ढोंग करतो, असे म्हणणे अन्यायाचे आहे.

पहिला घाव बसतो तो झोपेवर. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी कामात चुका होतात, विद्यार्थ्याचे अभ्यासात लक्ष लागत नाही, चिडचिड वाढते, मन खचते. 1994 साली फिनले व खान या ब्रिटनमधील संशोधकांनी त्वचारुग्णांसाठी दहा प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. गेल्या आठवड्यात किती खाज सुटली, किती लाज वाटली, कपडे निवडताना, कामावर, अभ्यासात, मित्रांत किती अडचण आली, असे साधे प्रश्न. एकूण गुण 30. दहाच्या वर गेले की जगण्यावर मोठा परिणाम झाला असे समजतात. रोग कातडीवर किती पसरला एवढेच न पाहता माणसाला काय सोसावे लागते, तेही मोजले पाहिजे, हा त्यामागील विचार आहे.

माझ्या हातांना इसब झाले तेव्हा मी कॅश काउंटरवर होतो. एक दिवस एका ग्राहकाने माझ्या हातून नोटा घेतल्या नाहीत. "खाली ठेवा" म्हणाला. इसब संसर्गजन्य नसते, हे त्याला ठाऊक नव्हते. त्या रात्री खाजेपेक्षा ते दोन शब्दच अधिक बोचले. स्पर्श टाळला जाण्याचे दुःख काय असते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवण्याची गरज नाही. म्हणूनच ते दुःख आपल्या हातून दुसऱ्या कोणाला होऊ नये.

शेवटी काही उपयुक्त गोष्टी. खरूज मात्र संसर्गजन्य आहे. तिचे औषध घरातील सर्वांनी एकाच वेळी लावावे, कपडे व अंथरूण गरम पाण्यात धुवावे. दुकानातून मनाने स्टेरॉइडचे मलम आणून लावू नये. गजकर्ण त्याने दबल्यासारखे दिसते आणि अधिक पसरते. नखे कापलेली ठेवावीत, फार कढत पाण्याने आंघोळ करू नये. वृद्धांना कारणाशिवाय सर्वांगाला खाज सुटल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्ततपासणी करून घ्यावी. नसांच्या आगीवर साध्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत, त्यासाठी वेगळी औषधे आहेत. आणि मनाने रोज गोळ्या घेतल्यास जठर व मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. डॉक्टरांना केवळ "खाज येते" एवढेच न सांगता "रात्री किती वेळा उठतो" तेही सांगावे.

आणि घरातल्यांनी एवढेच करावे: "खाजवू नकोस" म्हणून ओरडण्याऐवजी "रात्री झोप लागली का?" असे विचारावे.